कल्चर मोत्यांची नथ

॥ श्री ॥
वैजापूर, ता. १२ नोव्हेंबर १९६१

सौ. मनकर्णावन्संना द्वारकेचा सप्रेम नमस्कार, वि. वि.

दिवाळी बरी गेली. तुमच्या भावाच्या माघारी ही सहावी. मी सांगते आणि शैला लिहिते, तेव्हा अक्षर वळणदार दिसलं तर माझं कौतुक करू नका. मला अजून सहीसुद्धा जमत नाही. तुमचं पत्र आलं की शैलाच मोठ्यानं वाचते आणि मी तांदूळ निवडत ऐकते.

शैलाचं लग्न दहा डिसेंबरला ठरलं. मुलगा इथल्याच तहसिलीत कारकून आहे. सासूबाईंची मोत्यांची नथ तिला घालायची. ‘या घरच्या मुलीला’ म्हणून त्यांनी जाताना ती माझ्या ओंजळीत ठेवली होती, तुम्ही समोरच होतात. तार सैल झाली आहे म्हणून शेजारच्या व्यंकटरावांबरोबर पाठवते. गुलमंडीकडच्या तुमच्या ओळखीच्या जवाहिऱ्याकडून गुंफून घ्यावी. वैजापुरात कांदा हवा तेवढा मिळतो, पण मोती गुंफणारा नाही. तुमच्या मीनाक्षीला आशीर्वाद. लोभ आहे तसाच राहू द्या.

तुमची वहिनी
द्वारका (हस्ते शैला)

॥ श्री ॥
औरंगाबाद, ता. २३ नोव्हेंबर १९६१

गं. भा. द्वारकावहिनींना मनकर्णेचा सा. न. वि. वि.

नथ पोचली. जवाहिऱ्याने मोती बसऱ्याचे, अस्सल निघाले म्हणून सांगितलं. शेजारी त्याने हल्ली येतात ते जपानचे कल्चर मोती मांडले. मला फरक कळेना. दातावर घासून पाहिले तर दोन्ही सारखेच खरखरीत. मग त्याने भोकातून भिंगाने पाहायला लावलं. कल्चरच्या आत मणी वेगळा आणि वरची साल वेगळी, मधली रेघ स्पष्ट दिसते. खऱ्या मोत्यात शिंपलीच्या पोटात आपसूक काही शिरतं आणि त्यावर थर चढतात. कल्चरमध्ये माणूस जिवंत शिंपली फाकवून बाहेरचा मणी आत बसवतो आणि तिला पुन्हा समुद्रात सोडतो. वेडी शिंपली दोन-तीन वर्षं त्याला आपलाच समजून माया करत राहते. कितीतरी त्यातच मरतात, असं तो हसत हसत म्हणाला.

ऐकताना तुमची आठवण झाली, वहिनी. शैला सहा दिवसांची असताना दादाने तिला इथल्या दवाखान्यातून उचलून आणलं. कोणाची, कुठली, हे त्यालाही ठाऊक नव्हतं. आईचे शब्द ‘या घरच्या मुलीला’ असेच होते ना? म्हणून आईची नथ मी मीनाक्षीसाठी ठेवून घेतली. शैलाला कल्चर मोत्यांची नवी पाठवते आहे. तिला तीच शोभेल. मुलाकडे मी अजून काही बोलले नाही. तुम्ही नथीवरून वाद घातलात तर मात्र बोलावं लागेल.

चि. शैला, अडखळू नकोस. आईला प्रत्येक अक्षर ऐकू येऊ दे.

आपलीच
मनकर्णा

॥ श्री ॥
वैजापूर, ता. २७ नोव्हेंबर १९६१

सौ. मनकर्णावन्संना द्वारकेचा सप्रेम नमस्कार, वि. वि.

शैलाने पत्र वाचलं आणि मी पदर डोळ्यांना लावला. नथ घेऊन तुम्ही स्वतः येणार, हळदीच्या दिवशी आपल्या हाताने आपल्या घरच्या मुलीला घालणार! वन्सं, तुमचं मन इतकं मोठं असेल असं मला वाटलं नव्हतं. तुमची उगाच भीती बाळगली, माफ करा.

मोत्यांचं वाचून घेतलं. बाकी सगळं पटलं, एक पटलं नाही. शिंपलीला कळत नसेल कसं? आत घातलेलं टोचतंच की. तिला कळत असतं आणि तरी ती करते. जवाहिऱ्याला सांगा. आठवडाभर आधीच या, पुरण तुमच्या हातचं हवं.

तुमची वहिनी
द्वारका (हस्ते शैला)

ता. क. आत्या, इथून पुढचं माझं. आई देवळात गेली आहे.

मी अडखळले नाही. मोत्यांचं अक्षर न् अक्षर वाचलं आणि बाकीचं मनाने रचलं. तुमची कल्चरची नथ ट्रंकेच्या तळाशी आहे, ती परत न्यायची आहे.

मुलाला मी स्वतः गाठून सांगितलं. तो म्हणाला, “तुमच्या आईंनी बोलणीच्या आधीच सांगितलं होतं.” म्हणजे ठाऊक नसलेली मी एकटीच होते. ते सुख तुम्ही घेतलंत. घ्या, परत मागत नाही. पण मला कळलं हे आईला कळता कामा नये.

हळदीला आजीची नथ घेऊन यायचं, हसायचं आणि माझ्या नाकात घालायची. या घरी येणारं प्रत्येक पत्र मीच वाचते, हे विसरू नका. तुम्ही आला नाहीत, तर दुसऱ्या दिवशी औरंगाबादहून एक कार्ड येईल. अशुभ बातमीच्या कार्डाचा फाडतात तसा त्याचा कोपरा फाडायला मला वेळ लागणार नाही. दाराबाहेर उभी राहून मी ते आईला वाचून दाखवीन. ती तुमच्या नावाने डोक्यावरून पाणी घेईल, मनापासून रडेल. त्यानंतर तुम्ही कितीही पत्रं लिहा.

लोभ नसला तरी चालेल, तारीख पाळावी.

आपली भाची
शैला