रविवारीच बंद पडणारी गाडी

प्रिय वन्सं,

हे सगळं फोनवर सांगता आलं असतं, पण आमचा फोन ह्यांच्या खुर्चीशेजारी आहे आणि तुमचा आवाज असा, की फोन नसला तरी इथवर पोहोचेल. म्हणून लिहिते आहे. तुमच्या गावच्या उद्याच्या पहिल्या बसच्या कंडक्टरहाती पत्र पाठवते. चष्मा लावून शेवटपर्यंत वाचा. मध्येच रागावून ठेवून देऊ नका. ती तुमची जुनी सवय आहे आणि ह्या वेळी ती परवडणार नाही.

परवा फोनवर तुम्ही तुमच्या भावाला म्हणालात, "बहिणीकडे यायचं नसेल तर माणसानं सरळ सांगावं. बिचाऱ्या गाडीला कशाला बदनाम करतोस?" ह्यांनी ते हसण्यावारी नेलं. फोन ठेवल्यावर मात्र बराच वेळ खिडकीशी उभे होते. तुमचंही चूक नाही. महिन्यातून एका रविवारी घाट चढून तुमच्याकडे यायचं, हा आमचा नेम. तुमचे यजमान गेल्यापासून तो कधी मोडला नव्हता. आणि आता दर खेपेला तुम्ही स्वयंपाक करून दाराकडे बघत बसायचं आणि आमचा फोन यायचा, गाडी बंद पडली. तुमच्या जागी मी असते तर ह्याहून कडक बोलले असते.

गाडी खरंच बंद पडत होती. पहिल्यांदा पडली ती गाव संपतं तिथल्या पुलाजवळ. घरून व्यवस्थित निघाली, मग आचके द्यायला लागली आणि थांबली. थोडा वेळ उभी ठेवली की चालू व्हायची, थोडं अंतर गेली की पुन्हा तेच. हे म्हणाले, पेट्रोलमध्ये कचरा असणार. गॅरेजवाल्यानं कार्ब्युरेटर उघडला, धुतला, फुंकर मारून एकेक भोक साफ केलं आणि म्हणाला, "वहिनी, आता ही विमानासारखी जाईल." पुढच्या महिन्यात विमान त्याच पुलाजवळ उतरलं.

तेव्हा मी पदर खोचला. कॉलेजात मी पदार्थविज्ञान शिकले. मुलांच्या गृहपाठाखेरीज त्याचा आजवर कुठे उपयोग झाला नव्हता. गाडीसोबत आलेलं जुनं माहितीपुस्तक माळ्यावरून काढलं आणि वाचलं. गोष्ट साधी आहे. इंजिनाला पेट्रोल हवं आणि ठिणगी हवी. दोन्हींपैकी काय मिळत नाही ते आधी ठरवायचं, मगच हात काळे करायचे. ठिणगी पडत होती, ती मी डोळ्यांनी पाहिली. म्हणजे दोष पेट्रोलच्या वाटेत. नळाला पाणी आलं नाही की आपण गच्चीवरच्या टाकीपासून बघत खाली येतो, तसंच इथं. पेट्रोलच्या टाकीचं झाकण उघडलं तर सूंऽ करून हवा आत ओढली गेली. त्या झाकणाला एक बारीक भोक असतं. पेट्रोल कमी होईल तशी तिथून हवा आत जाते. हवा गेली नाही तर पंपानं कितीही ओढलं तरी पेट्रोल पुढे येत नाही. ते भोक कोणीतरी लांबी भरून बुजवलं होतं, खिडकीच्या काचा बसवतात ती लांबी. टाचणीनं मी ते मोकळं केलं. गॅरेजवाला म्हणाला, "वहिनी, माझं दुकान बंद करणार तुम्ही." हे चष्मा पुसत उभे होते.

पुढच्या खेपेला गाडी अंगणातच बंद पडली. मी पुन्हा टाकीपासून निघाले. कार्ब्युरेटरला जाणारी रबरी नळी काढून बाटलीत सोडली आणि किल्ली फिरवायला लावली. पंप चालू असताना बाटलीत धार पडायला हवी, पडले दोन थेंब. नळीत कापसाचा बोळा होता. गॅरेजवाल्यानं पोराबाळांची शपथ घेतली, की बोळा त्याचा नव्हे. हे म्हणाले, "हल्ली कामं अशीच करतात लोक." त्यानंतरच्या खेपेला नवीनच. पाय दाबून ठेवला की इंजिन चालायचं, सोडला की मरायचं. कार्ब्युरेटरच्या बाजूला एक स्क्रू असतो, गाडी उभी असताना इंजिनाला किती पेट्रोल मिळावं ते त्यावर ठरतं. तो शेवटपर्यंत आत गेला होता. हे म्हणाले, "हादऱ्यांनी फिरला असेल." वन्सं, हादऱ्यांनी स्क्रू सैल होतो. गच्च आवळला जात नाही. खरा दोष एका जागी मुक्काम करतो, दर महिन्याला बिऱ्हाड बदलत नाही, आणि तुमच्याकडे यायच्याच रविवारचा मुहूर्तही बघत नाही. कुंपणच शेत खात होतं.

मला संताप आला. वाटलं, बहीणभावांत काहीतरी बिनसलंय आणि मला मूर्ख बनवणं चाललंय. रंगेहाथ पकडायचं ठरवून पुढच्या खेपेच्या आदल्या शनिवारी संध्याकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी राहिले. हे बॉनेटवर वाकून काम करत होते. बोटं अगदी सफाईनं चालत होती, सोनारासारखी. मग बॉनेट लावलं, घराकडे वळले आणि पायरीजवळच्या बादलीवर धाडकन आदळले. "ही बादली इथे कोणी ठेवली?" म्हणून ओरडले. वन्सं, ती बादली वर्षानुवर्षं तिथेच असते. पायरीच्या डाव्या हाताला.

मी बाहेर गेले नाही. ओट्याला टेकून उभी राहिले आणि एकेक आठवत गेलं. दाराच्या चौकटीला हल्ली ह्यांचा डावा खांदा घासतो. टेबलाच्या कडेला ठेवलेले कप पडतात आणि बोलणी मला बसतात. चौकात गाडी थांबली की विचारायचे, "तुझ्या बाजूनं मोकळं आहे ना?" मला वाटायचं, वय वाढलं तसे जपून चालवायला लागले. आणि तुमच्याकडून परततानाचा तो शेवटचा प्रवास. घाटातल्या वळणावर डावीकडून सायकलवाला आला. मी किंचाळले नसते तर तो चाकाखाली गेला असता. "दिसला होता मला," एवढंच म्हणाले. गाडीचं दुखणं सुरू झालं ते त्यानंतर.

मामंजींचं काय झालं ते मी पाहिलेलं नाही. तुम्हीच सांगितलं होतंत. समोरचं वर्तमानपत्र खडखडीत वाचायचे आणि बाजूनं येणाऱ्या माणसाला धडकायचे. काचबिंदू. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली राखता येते, असं डॉक्टरांनी सांगितलं आणि मामंजी म्हणाले, मला काही झालेलं नाही. मग पुढची सगळी वर्षं तुम्ही दोघा भावंडांनी आळीपाळीनं त्यांचा हात धरून त्यांना न्हाणीघरापर्यंत नेलं. ह्यांना काय होतंय ते ह्यांना माझ्याआधी कळलं असणार. मला सांगितलं असतं तर मी त्याच दिवशी टॅक्सी बोलावून दवाखान्यात नेलं असतं. म्हणूनच सांगितलं नाही.

मी थकले आहे, वन्सं. एका घरात दोन माणसं, आणि बोलणं चालतं ते पेट्रोलबद्दल. मी बादली हलवली, कप आत सरकवून ठेवते, रस्त्यानं चालताना ह्यांच्या डावीकडून चालते. झाकली मूठ सव्वा लाखाची असते, पण ह्या मुठीतलं रोज थोडं थोडं सांडतंय. भांडायची ताकद होती तेव्हा मी कोणाला सोडलं नाही, तुम्हालाही नाही. आता ह्यांच्याशी भांडून जिंकले तरी हरणार ते माझंच माणूस, म्हणून जीभ उचलत नाही.

तरी मी असंच आणखी काही दिवस ओढलं असतं. पण परवाचं तुमचं बोलणं ह्यांना लागलं. काल सकाळी उठून स्वतःच गाडीची सगळी दुरुस्ती केली, काय बिघडवलं होतं ते त्यांनाच ठाऊक. एका किल्लीत सुरू झाली. मग ती धुतली, पुसली आणि मला म्हणाले, "उद्या ताईकडे जाऊ. तिला वाटतंय मी टाळतो." तो घाट, ती वळणं आणि अर्धी नजर. मी नाही म्हटलं असतं तर हट्टानं एकटे निघाले असते. म्हणून दुपारी हे झोपल्यावर मी बॉनेट उघडलं. जिथून चारी प्लगना ठिणगी वाटली जाते त्या टोपीखाली एक फिरता तुकडा असतो. तो काढला आणि शिलाई मशीनच्या खणात ठेवला. पेट्रोलच्या वाटेला हातही लावला नाही. आज सकाळपासून हे अंगणात आहेत. झाकण, नळी, पंप, पुन्हा झाकण. ह्या वेळी आपण काही केलेलंच नाही, मग दोष आला कुठून, म्हणून बुचकळ्यात पडलेत आणि मधूनच माझ्याकडे बघतात. गॅरेजवाला परगावी गेलाय. आठवडाअखेर परतला की त्याला दोष चहा निवायच्या आत सापडेल. त्याआधी तुम्ही बसनं या. मला सगळं ठाऊक आहे, एवढं भावाला सांगू नका. म्हणा, मला डोळे दाखवायचेत, एकटीला भीती वाटते, तू सोबत चल, तुझेही बघून घेऊ. सोनारानंच कान टोचावेत. मी सांगून हे जाणार नाहीत, तुमचा हात धरून जातील. आणि तुम्हाला त्यात खोटंही बोलावं लागणार नाही. तुम्हीही मामंजींच्याच लेक आहात आणि काचबिंदू घराण्यात उतरतो, म्हणून डॉक्टरांना तुमचेही डोळे बघायला सांगणार आहे. हाक आली. पान्हा सापडत नाही म्हणतात. मला इथून दिसतोय, त्यांच्या डाव्या पायाशीच पडलाय. जाऊन हातात देते.

तुमचीच,
भावजय