सारम्माचा पत्ता

अझैबा, मस्कत
१० फेब्रुवारी १९९९

ती. रेखाताईस,
प्रभाचा सा. न. वि. वि.

तुझ्या शाळेतल्या प्रदर्शनासाठी जमवलेलं ‘केरळच्या कर्तबगार स्त्रिया’ हे कात्रण पाठवून, यातल्या धावपटूला तिथल्या मल्याळ्यांत कुणी ओळखतं का बघ, असं तू लिहिलंस. मला हसूच आलं. मस्कत म्हणजे काय देवरूखची बाजारपेठ? पण ताई, ती सापडली! आमच्या मागच्या बंगल्यात घरकाम करणारी सारम्मा. रोज कपडे वाळत घालताना भिंतीवरून आमचं मोडकंतोडकं हिंदी चालतं. कात्रण दाखवलं तर ओले हात पुसून तिने ते हातात घेतलं. म्हणाली, हो, मीच. आठशे मीटर, तेव्हा एकोणीस वर्षांची होते. मग उरलेल्या चादरी वाळत घातल्या. चार वर्षांत घरी गेलेली नाही.

तुझी भाची सोनल तुला इंग्रजीत पत्र लिहिणार आहे, रागावू नकोस. इतक्या लांबही तुझा लोभ पोचतो, तसाच पोचत राहो.
तुझी प्रभा

देवरूख
२४ फेब्रुवारी

चि. सौ. प्रभास,
अ. उ. आ.

लिंबू-चमच्याच्या शर्यतीत रडणारी तू, आणि शेजार बघ कुणाचा! कात्रणात तिच्या फोटोखाली ‘सध्या ठावठिकाणा नाही’ असं छापलंय, ते मला सारखं टोचत होतं. कात्रणातली ती यादी केरळातल्या कोट्टयमच्या एका संस्थेची आहे. चार एप्रिलला त्या सगळ्या बायकांचा सत्कार आहे. मी संस्थेला लगेच कळवून टाकलं, की ती कुठे आहे, काय करते. तिला तयारीला लागायला सांग. रमणरावांना आशीर्वाद.
तुझी ताई

अझैबा
८ मार्च

ती. ताईस सा. न.

पत्र वाचल्या वाचल्या भिंतीशी गेले. ऐकून सारम्माने हातातली बादली खाली ठेवली. ती मस्कतच्या शाळेत खेळाची टीचर आहे, असं तिने आईला सांगितलंय गं. ताबडतोब थांबव.

हे तिच्या अर्बाबला, म्हणजे मालकाला, भेटून आले. माणूस वाईट नाही, खजूर-काहवा दिला. पण पासपोर्ट त्याच्याकडे, आणि बायकोला दिवस गेलेत. बाळंतपणानंतर पाहू, इन्शाल्ला, म्हणाला. म्हणजे सत्काराला तिला जाता येणार नाही.

तुझ्यावर राग नाही. मीच आधी तिला विचारायला हवं होतं.
प्रभा

देवरूख
१० एप्रिल

चि. प्रभास आशीर्वाद.

तुझं पत्र मिळताच कोट्टयमला फोन लावला. उशीर झाला होता. त्यांचा माणूस तिच्या आईला निमंत्रण द्यायला गेला आणि मी कळवलेलं सगळं सांगून बसला. सत्काराला आई एकटी आली. लेकीची शाल हातावर घेतली, खांद्यावर घालू दिली नाही, असं कळलं.

सत्तावीस वर्षं मुलांना शिकवते आहे. एक पत्र लिहिताना मात्र थांबले नाही. तिची माफी कोणत्या तोंडाने मागू, ते तूच सांग.
ताई

अझैबा
२ मे

ती. ताईस सा. न.

काल सारम्माला आईचं पत्र आलं. तिने ते भिंतीवरून माझ्यासमोर धरलं. मला मल्याळम कुठलं येतंय? मग तिनेच हिंदीत सांगितलं. खोटं का बोललीस, असं आईने विचारलेलं नाही. शालीबद्दलही काही नाही. एवढंच विचारलंय, की त्या घरात तुला बसून जेवू देतात का.

उत्तरात काय लिहू, म्हणून सारम्मा मला विचारत होती. तेवढ्यात आतून हाक आली आणि ती गेली.

माया आहे तशीच राहू दे.
तुझी प्रभा