आपोआप वळणारं शीड

नाशिक, १२ सप्टेंबर २००४

ती. प्रमिलावन्सं यांना मीनाचा वाकून नमस्कार.

तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? इकडे आम्ही दोघं ठणठणीत आहोत आणि (हे आधीच सांगते, म्हणजे पुढचं शांतपणे वाचाल) कोरडेही आहोत.

होडी विकून टाक, असं तुम्ही फोनवर बजावलंत ते तुमच्या भावाने फारच मनावर घेतलंय. देवळ्याचे एक कांद्याचे व्यापारी ती शेततळ्यात ठेवायला मागताहेत. दसऱ्यापर्यंत पुढचं शीड आपोआप वळायला लागलं तर होडी राहील, नाहीतर जाईल, असं ह्यांनी जाहीर केलंय.

होडीला शिडं दोन, मागचं मोठं नि पुढचं लहान. वाऱ्यासमोरून तोंड फिरवलं की लहान शिडाची एका बाजूची दोरी सोडायची आणि दुसरीकडची ओढायची. इतकी वर्षं हे काम माझं. (चुकले की ह्यांचा आवाज गंगापूर धरणाच्या भिंतीपर्यंत.) आता ह्यांनी डोलकाठीपुढे आडवी पट्टी बसवली, तिच्यावर चाकांची इवलीशी गाडी, आणि गाडीला शिडाची एकच दोरी. तोंड फिरलं की वाराच शीड पलीकडे ढकलतो, गाडी घरंगळत त्या टोकाला जाते, कोणी काही ओढायचं नाही. कॉन्व्हेंटच्या नाटकात सिस्टर मला पडदा ओढायला बसवायच्या (परी व्हायला गोऱ्या मुली होत्या), त्यामुळे मला हे चटकन समजलं. "आता दुसरं माणूस लागतच नाही!" असं हे इतक्या आनंदाने का सांगत होते, ते मात्र समजेना. मी त्यांच्याशी भाजी काय करू एवढंच बोलायला लागले. शेवटी वैतागून म्हणाले, "अगं, त्या मोडून जुळलेल्या मनगटाने दोऱ्या ओढणार आहेस, की घरी बसणार आहेस?" मग मी शिरा केला.

पट्टी आमच्याच दिवाणखान्याच्या पडद्याची. (पडदे सध्या सुतळीवर आहेत.) पण ती पडली सरळ, हवी होती बाकदार. टोकाकडे जाताना दोरी आखडते, म्हणून रविवारी गाडी मधेच अडली. होडी वाऱ्याकडे तोंड करून थबकली आणि मागे मागे जाऊ लागली. काठावर ठमाबाई धुणं धूत होती. ओरडली, "ओ बाई, उलट्या का चालल्या? घरी काय इसरलं का?" ह्यांनी मान ताठ ठेवून सांगितलं, "वारा बघतोय!" "बघा की! पर माझी गोधडी वाळत घातलीय, तिच्यावं नका येऊ!"

आम्ही गोधडीवरच गेलो.

पण वन्सं, परतताना एकदा जोराचा वारा आला आणि गाडी पार टोकापर्यंत गेली. शीड पलीकडे अलगद फुगलं, आणि माझे दोन्ही हात मोकळे. त्यांचं काय करावं ते कळेना. एक मी पाण्यात सोडला. हे ओरडले नाहीत.

काल पट्टीला बाक आणायला सातपूरच्या एका वर्कशॉपमध्ये दिली. दोन तुकडे होऊन परत आली.

गुडघ्याला शेक घेत जा.

तुमची,
मीना

ता. क. तुमच्या हॉलच्या गोल खिडकीला ती जाड पितळी पट्टी आहे ना, तिचा बाक अगदी हवा तसा आहे. द्याल का? तुमच्या पडद्यांसाठी सुतळी मी पाठवते.

पुन्हा ता. क. तुमचे भाऊ परवा तुमचा गुडघा बघायला पुण्याला येताहेत. पिशवीत स्क्रूड्रायव्हर आहे. स्वतःहून ते विषय काढणार नाहीत. तेव्हा चहा द्या आणि खिडकीशीच बसवा.