पाहुण्यांना दिलेला सल्ला

दादा,

बोईसरला जायला आपण घरातून निघालो, तेव्हा आई दारात उभी राहून एवढंच म्हणाली होती, "त्यांनी तुम्हाला ऐकायला बोलावलंय की बघायला?" तुम्ही हसलात. तारापूरच्या किनाऱ्यावर मोठी बांधकामं सुरू झाली होती आणि परदेशातले बडे पाहुणे आले होते; कुणी माजी मंत्री, कुणी बँकवाला. डोंगरातल्या मजुरांची संघटना बांधणारा, तुरुंगात जाऊन आलेला उमरोळीचा मास्तर, म्हणजे तुम्ही, त्यांना ऐकायचा होता. मी, तुमची मुलगी, कॉलेजात इंग्रजी शिकत होते, म्हणून दुभाषी मी.

गेस्टहाउसच्या दिवाणखान्यात तुम्ही उभे आहात. सदरा घामाने पाठीला चिकटलाय. "जमिनी वाटा," तुम्ही म्हणता, "नाहीतर ही माणसं एक दिवस तुमच्या दारात येतील." मला वाटलं, आता चिडतील. ते खूश झाले! तो माजी मंत्री खुर्ची पुढे ओढून विचारू लागला, माणसं आधी कशावरून उठतात, त्यांना उठवतं कोण. तुम्ही वर्गात शिकवावं तसे भरात आलात. प्रत्येक पाड्यावर दोघं-तिघं बोलणारे असतात, बाकीचे त्यांच्यामागे जातात, तेवढ्यांना विकत घेऊन भागेल असं समजू नका, म्हणालात. मी शब्द न शब्द इंग्रजीत सांगितला. टाळ्या वाजल्या. परतताना तुम्ही शीळ घालत होतात.

पावसाळा सरल्यावर त्या बांधकामांच्या ठेकेदाराने प्रत्येक पाड्यावरचे तेच दोघं-तिघं मुकादम केले. मजुरीसाठी तुम्ही संप पुकारलात, त्या सकाळी सगळे कामावर गेले. संध्याकाळी तुमचा सगळ्यात जवळचा कार्यकर्ता आला, नवी चप्पल घालून, आणि अंगणातच थांबला.

"रागावू नका, मास्तर. सायेब बोलला, तुमच्याच मास्तरानं सांगितलंय, बोलणारी मानसं आदी घ्या. मग आमी कोनाला नाय म्हणायचं?"

तुम्ही त्याला आत बोलावलंत, चहा पाजलात. तो गेल्यावर मला म्हणालात, "मी त्यांना धमकी दिली गं. त्यांनी ती सल्ला म्हणून घेतली." त्यानंतर तुम्ही सभा घेतली नाहीत. निवृत्त होईपर्यंत शाळा आणि घर, बस. पाड्यावरून कुणी आलं तर आईला सांगायचात, झोपलेत म्हणून सांग.

तुम्हाला जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. मी त्याच पाड्यांवर काम केलं, अशा बड्या लोकांविरुद्ध लिहीत राहिले. गेल्या आठवड्यात त्यांच्याच एका परदेशातल्या बैठकीचं बोलावणं आलंय. हवं तितकं कडक बोला, म्हणतात. नकार द्यायचा हे पक्कं आहे. पण अजून कळवलेला नाही. हे पत्र तुम्हाला पोचणार नाही, म्हणून सांगते, बोलावणं वाचलं तेव्हा मला आधी बरं वाटलं, दादा.