ड्रूचं मत माझ्या हातात

शनिवार, १६ ऑगस्ट २०१४

तीन-शून्यने हरलो. तेही घरच्या मैदानावर, तेही ब्रेमार्टिनकडून! पहिला गोल आमच्याच बचावपटूने आमच्याच जाळ्यात मारला — आणि मारलाही काय सुरेख. अख्ख्या सामन्यात बघण्यासारखा तेवढा एकच फटका.

पण आमच्या रेलिंगपाशी सामन्याकडे लक्ष होतं कुणाचं? एका बाजूला माझा नवरा ड्रू, दुसऱ्या बाजूला नेटा केर्नी, मधे मी. तीस वर्षं असेच उभे राहतो. नेटा पूर्वी वॉर्डातली मुख्य सिस्टर होती. अजूनही समोरच्याला ताप आहे का, अशाच नजरेने बघते. तिच्या क्लबच्या मफलरवर सध्या ‘हो’चा बिल्ला. ड्रूच्या कोटावर ‘नाही’चा. अठरा सप्टेंबरला स्कॉटलंडने ठरवायचंय — लंडनपासून वेगळं व्हायचं, हो की नाही. तोवर आमच्या आर्डनेस ॲथलेटिकने कितीही गोल खाल्ले तरी चालतील.

नेटा म्हणते, वेगळे झालो नाही तर लंडनचे लोक सरकारी दवाखाने विकून खातील. ड्रू म्हणतो, वेगळे झालो तर सरकारी दवाखाने चालवायला पैसा कुठून आणणार? म्हणजे दोघंही दवाखानाच वाचवतायत. मी मधे उभी राहून हातातली मटण-पाई वाचवत होते.

घरी येताना चढावर ड्रू तीनदा थांबला. दुकानांच्या काचा बघतोय असं दाखवत. तिसरं दुकान बायकांच्या आतल्या कपड्यांचं होतं.

सोमवार, १८ ऑगस्ट

हॉस्पिटलचं पत्र आजही नाही. ड्रूच्या हृदयातली एक झडप अरुंद झालीय, बदलायची आहे. मे महिन्यापासून नाव यादीत. त्याला चिडू देऊ नका, असं डॉक्टरांनी बजावलंय. मी म्हणाले, तो ॲथलेटिकचा पाठीराखा आहे. डॉक्टर म्हणाले, अरेरे.

‘नाही’चं पोस्टर खिडकीत लावायचं होतं. स्टुलावर चढलं की त्याला धाप लागते. मग मी चढले. मीच लावलं. वाकडं दिसत होतं म्हणून काढून पुन्हा सरळ लावलं.

शुक्रवार, २२ ऑगस्ट

हो.

लिहून बघितलं. कागद फाटला नाही, छत पडलं नाही. खालच्या खोलीत ड्रू बातम्यांशी भांडतोय.

नेटाच्या पत्रकांमुळे नव्हे — ती मी बटाट्याची सालं गुंडाळायला घेते. शाळेच्या स्वयंपाकघरात सव्वीस वर्षं काढली. दर दोन वर्षांनी कुठूनतरी कागद यायचा, मुलांच्या ताटात काय आणि किती वाढायचं. ज्याने लिहिला त्याने आमची मुलं कधी पाहिलेली नसायची. एवढंच. याला काही मुद्दा म्हणत नाहीत. ड्रूला सांगितलं तर तो म्हणेल, अगं, तो कागद आपल्याच एडिनबराहून यायचा, लंडनचा काय संबंध? खरंच आहे. म्हणून सांगत नाही. तरी हो!

एक्केचाळीस वर्षांच्या संसारात ही माझी दुसरी लपवाछपवी. पहिली त्याच्या बहिणीच्या फुलदाणीची.

शनिवार, ३० ऑगस्ट

जिंकलो! पण कुणालाच आनंद नाही. सामन्याच्या पत्रकात क्लबच्या संचालकांनी बातमी दिलीय — ॲथलेटिक ब्रेमार्टिनमध्ये विलीन करायचा विचार आहे. एकच मोठा क्लब, नवं मैदान, मोठी ताकद. सात सप्टेंबरला, रविवारी, सभासदांचं मतदान.

ड्रूने पत्रक चुरगाळलं. नेटा म्हणाली, बघ जरा शांतपणे, एकट्याने आपलं भागत नाही, मोठ्यांबरोबर राहिलं तर निदान छप्पर तरी गळणार नाही. ड्रू म्हणाला, गळू दे. छप्पर आमचं, पाणी आमचं, आमच्या डोक्यावर पडेल. आमचं बरंवाईट ब्रेमार्टिनमध्ये बसून कोण ठरवणार?

मी एकदा हिच्याकडे बघितलं, एकदा त्याच्याकडे. दोघांचे बिल्ले जागच्या जागीच होते. म्हटलं, आता उजाडेल कुणाच्या तरी डोक्यात. नाही उजाडलं. दोघं तावातावाने एकमेकांचीच भाषणं करत राहिले आणि शेवटी नेटा म्हणाली, “तुला अक्कल असती ड्रू, तर अठरा तारखेलाही असाच वागला असतास.” हे मात्र तिच्या डोक्यात आलं. स्वतःबद्दल नाही आलं.

ड्रू म्हणाला, क्लब वेगळा, देश वेगळा.

गुरुवार, ४ सप्टेंबर

पोस्टाने मत देण्यासाठी अर्ज करायची मुदत काल संपली. आमचं काय अडलंय त्यावाचून. मतदानाची शाळा दारात आहे.

रविवार, ७ सप्टेंबर

क्लबच्या हॉलमध्ये दुपारी सभा. बसायला जागा नव्हती. अध्यक्षांनी पडद्यावर आकडे दाखवले, नव्या मैदानाची चित्रं दाखवली. चित्रातले प्रेक्षक सगळे तरुण आणि दात असलेले.

मग ड्रू उठला. माझ्या नवऱ्याने आयुष्यभर बसगाड्या दुरुस्त केल्या. चारचौघांत तो कधी बोललेला मी बघितला नव्हता. तो म्हणाला, गरीब आहोत हे मला माहीत आहे. हरतो हेही माहीत आहे, मी दर शनिवारी तिथेच असतो. पण हरलो तर कुणामुळे हरलो ते आम्हाला माहीत असतं, त्याचं नाव घेऊन आम्ही शिव्या घालू शकतो. उद्या दुसऱ्या गावात बसलेले लोक ठरवतील, आणि आम्ही नुसती तिकिटं काढू. “मला मोठं व्हायचं नाही,” तो म्हणाला. “मला माझं असायचंय.”

हॉल उठून उभा राहिला. अकरा मतांनी विलीनीकरण पडलं. मी टाळ्या वाजवत होते आणि रडत होते — आणि मनात म्हणत होते, अरे बाबा, हेच, अगदी हेच!

बघते तर ड्रू खुर्चीत बसलेला, ओठ निळे पडलेले. नेटा नुकतीच त्याच्याविरुद्ध मत देऊन आली होती. तिने लोकांना बाजूला सारलं आणि त्याचं मनगट धरलं. तो तेवढ्यातही तिला म्हणाला, हरलीस ना. ती म्हणाली, “गप्प बस, मोजू दे.”

अ‍ॅम्ब्युलन्स. तपासणी. संध्याकाळी घरी पाठवला, पण डॉक्टर म्हणाले, आता यादीत वर घेतो.

बुधवार, १० सप्टेंबर

फोन आला! एका रुग्णाचं ऑपरेशन पुढे गेलंय, जागा रिकामी झालीय. सतराला भरती, अठराला सकाळी पहिलं ऑपरेशन.

मी सूपच्या भांड्यापाशी उभी राहून देवाचे आभार मानत होते, तेवढ्यात ड्रू पलीकडच्या बाईंना म्हणताना ऐकू आलं, अठराला मला जमणार नाही. मत द्यायचंय.

मी फोन हिसकावून घेतला. त्या बाईंना म्हटलं, जमतंय, जमतंय, त्याचं ऐकू नका.

मग जे झालं ते झालं. तो म्हणतो, सरकारी दवाखाने वाचवायला मत देतोय. मी म्हणाले, दवाखाना तुला वाचवायला बसलाय, तू त्यालाच थांबवून ठेवतोयस! तो म्हणाला, एकेका मताची लढाई आहे. मी म्हणाले, तू मेलास तर ते एक मत तसंही जाणार. चिडवू नका म्हणे.

एकदा वाटलं, सांगून टाकावं. मी ‘हो’ आहे, तुझं-माझं मत एकमेकांना खाऊन टाकतं, दोघंही घरी राहू, काही बिघडत नाही. पण त्याला ओळखते मी. माझं मत रद्द करायला तो टेबलावरून टाके घेऊन उठून आला असता.

गुरुवार, ११ सप्टेंबर

नेटा आली. तिने मार्ग काढला. मुदत संपल्यावर आजारपणाने अडलेल्या माणसाला आपलं मत दुसऱ्या कुणाच्या तरी हातून देता येतं. फॉर्म असतो, डॉक्टरांची सही लागते. आज दिवसभर ती त्या सहीमागे होती. दवाखाना, पालिकेची कचेरी, पुन्हा दवाखाना.

“दोन वर्षं मी ‘हो’साठी दारोदार हिंडले,” ती चहा ढवळत म्हणाली, “आणि आज कुणाचं मत पेटीत पोचवायला पाय तुटेपर्यंत चालले बघ.”

ड्रूने विचारलं, माझ्या वतीने मत कोण देणार? नेटा म्हणाली, मी आहे ना. तो इतका हसला की मला त्याच्या झडपेची काळजी वाटली. मग फॉर्मवर त्याने माझं नाव लिहिलं. क्षणभरही विचार न करता. अक्षर नेहमीपेक्षा नीट काढलं.

शनिवार, १३ सप्टेंबर

सामना बरोबरीत. ड्रू घरी. रेलिंगपाशी मी आणि नेटा, माझ्या दुसऱ्या बाजूला त्याची मोकळी जागा. नेटा म्हणाली, तू आता दोन ‘नाही’ टाकणार, आणि माझ्याच मेहनतीने. मी पाई खात होते, तोंड भरलेलं होतं. भरलेल्या तोंडाचे किती उपकार!

सोमवार, १५ सप्टेंबर

दोन कागद मिळणार मला. पडद्यामागे मी एकटी. कोण बघणार आहे?

त्याने लोकांसमोर काय सांगितलं ते मी ऐकलंय. मला माझं असायचंय. त्याचं खरं मत तेच आहे, त्याला नुसतं कळलेलं नाही. म्हणजे ‘हो’च्या चौकोनात मताची फुली मारली तर मी त्याचंच काम करेन — असं काल दुपारपासून स्वतःला पटवतेय. जवळजवळ पटलंय. म्हणूनच भीती वाटते.

बुधवार, १७ सप्टेंबर

भरती केलं. सहा खाटांचा वॉर्ड, स्वच्छ. शेजारच्या खाटेवर एक म्हातारा कोळी, मस्त बडबड्या. ड्रूच्या पायजम्याची नाडी मी बांधली, दात ठेवायला वाटी दिली. निघताना तो म्हणाला, “जेव नीट.” मी म्हणाले, हो. तेवढंच.

गुरुवार, १८ सप्टेंबर

सात वाजता शाळेत. माझ्याच स्वयंपाकघराच्या शेजारची खोली. बाहेर रांग, धुकं, सगळ्यांचे चेहरे लग्नाला आल्यासारखे. दारात नेटा बिल्ला लावून उभी. माझ्याकडे बघून तिने मान हलवली आणि नजर वळवली.

दोन कागद दिले. बुटकं टेबल, दोरीला बांधलेली पेन्सिल. आधी ड्रूचा घेतला. पेन्सिल ‘हो’च्या चौकोनावर धरली. खरंच धरली. तिकडे त्याची छाती उघडी असेल आता. परक्या माणसाच्या हातात हृदय देऊन तो निजलाय, आणि मत माझ्या हातात देऊन.

‘नाही’वर फुली मारली. ठळक. त्याच्या मनासारखी.

मग माझा घेतला. ‘हो’. हीही ठळक. दोन्ही घड्या पेटीत टाकल्या. सव्वीस वर्षं शाळेत मुलांना सारखं वाढलं, आजही सारखंच वाढलं! दोन फुल्यांची मिळून बेरीज शून्य. भल्या पहाटे उठून.

दुपारी फोन. झडप बसली. हृदय पुन्हा सुरू झालं.

शुक्रवार, १९ सप्टेंबर

‘नाही’ जिंकलं.

नेटाच्या घरचे पडदे बंद होते. पायरीवर सूपचा डबा ठेवून आले.

ड्रूच्या अंगभर नळ्या. डोळे उघडल्यावर त्याने कसंबसं विचारलं, काय झालं? मी म्हणाले, तू जिंकलास. त्याने डोळे मिटून घेतले. गुंगी असेल.

शनिवार, २० सप्टेंबर

ॲथलेटिक दोन-शून्य. नेटा आली होती, बिल्ल्याशिवाय. मफलरला त्या जागी भोक पडलंय. दुसऱ्या गोलला तिने माझा हात धरला आणि शेवटपर्यंत सोडला नाही. तिला सांगायचं होतं. गर्दीत राहून गेलं.

रविवार, ५ ऑक्टोबर

ड्रू घरी येऊन आठवडा झाला. आज चढावर न थांबता गेला. वर बाकावर बसलो. म्हणाला, एक सांगायचंय, रागावू नकोस. त्या शेजारच्या कोळ्याला सतराच्या संध्याकाळी त्याने सभेतलं सगळं ऐकवलं होतं. म्हाताऱ्याने ऐकून घेतलं आणि विचारलं, मग देशाचं काय? “मला उत्तरच सुचेना गं. तुला फोन करणार होतो, ‘हो’वर फुली मार म्हणून. नर्सने फोन हातात आणूनही दिला. पण तू एवढी पक्की ‘नाही’वाली. म्हटलं, ऑपरेशनच्या आदल्या दिवशी हिला कशाला दुखवा?”

मी त्याच्या कोटाचं वरचं बटण लावलं.

“केला असता फोन,” तो म्हणाला, “तर आपल्या घरातून एक ‘हो’ आणि एक ‘नाही’ गेलं असतं.”

“तसंच गेलं,” मी म्हणाले.