भुताट्याची आई

प्रिय कार्टे,

एवढ्या वर्षांनी माझं पत्र आलं म्हणून कुणी गेलं-बिलं की काय, असं वाटून शेवटचं पान आधी वाचू नकोस. सगळे धडधाकट आहेत. मीही आहे, जीभ तर जरा जास्तच.

मंगळवारी तुझ्या बटाट्याच्या जनसुनावणीला मी हजर होते. डोक्याला रुमाल, काळा चष्मा, तिसऱ्या रांगेत खांबाआड. तू दिसावीस, मी दिसू नये, हा माझा बेत होता. खोटं कशाला बोलू, रविवारच्या सदराला काहीतरी चमचमीत मिळेल म्हणूनच वही घेऊन आले होते. शेजारी एक किराणावाली बाई बसली होती, मांडीवर हा भला मोठा फलक: ‘भुताटा नको’. मी भोळेपणाने विचारलं, हे काय असतं हो? तर तिने माझी शाळाच घेतली. रानटी बटाट्याचा गुण आपल्या बटाट्यात घुसवतात म्हणे, मग त्याच्यावर करपा रोग पडत नाही, पण खाणाऱ्याच्या अंगाला सूज येते म्हणे, आणि हा शब्द फार जुना आहे, आमच्या आजीच्या तोंडी होता. भूत अधिक बटाटा, भुताटा. सात वर्षांपूर्वी एका दुपारी, चहा उकळेपर्यंत, मीच तो शब्द जुळवला होता. मी मान डोलावली. स्वतःच्या पोराची ओळख परक्याकडून करून घ्यायची वेळ लेखकावर येते ती अशी.

ती दुपार तुलाही आठवत असेल. तुझा फोन आला होता. करप्याने काळ्या पडलेल्या वाफ्यात तुझं एकच रोप हिरवंगार उभं राहिलं, हे सांगताना तुला धाप लागली होती. मी हसले, आणि रविवारच्या सदरात त्याला ‘भुताटा’ म्हटलं. लोक खो-खो हसले. तोवर दर रविवारी सकाळी आधी पेपर यायचा आणि मग तुझा फोन. त्यानंतर नुसता पेपर येत राहिला. मी म्हटलं, कामात असेल. सात वर्षं कुणी कामात असतं का, हा प्रश्न मी स्वतःला विचारला नाही. दुसऱ्यांना विचारण्यातच माझा दिवस जातो.

शब्द मात्र मोठा झाला. आता कोपऱ्यावरच्या दुकानात मिठाच्या पुडीवरही ‘भुताटामुक्त’ असा शिक्का आहे. मिठात बटाटा कधी होता, असं मी विचारलं, तर दुकानदार म्हणाला, ताई, नाही ना, तेच तर लिहिलंय.

तर सुनावणी. तुझे साहेब पडद्यावर आलेख दाखवत होते आणि इतकं गोड हसत होते की माझाच संशय बळावला. मग एका शाळेच्या भटारखान्यातला आचारी उठला. त्याने आकडे नाही विचारले. म्हणाला, बाई, रोज तीनशे पोरं माझ्या हातचं जेवतात, एकच सांगा, हा बटाटा तुम्ही स्वतःच्या आईला वाढाल का? साहेबांनी माइककडे हात नेला, पण तो तू आधीच उचलला होतास. तू म्हणालीस, आज नाही. माझ्या आईला शेंगदाणा चालत नाही, ओठ सुजतात. अशा ॲलर्जीच्या माणसांवरच्या चाचणीचा निकाल चार महिन्यांनी येईल. तोवर सुरक्षित आहे का, तर मला माहीत नाही. चांगला आला तर पहिलं ताट तिचं, आणि ती नावं ठेवत ठेवत सगळं संपवेल.

फलकवाले टाळ्या वाजवायला लागले. तू त्यांनाही सोडलं नाहीस. टाळ्या थांबवा, म्हणालीस, तुम्ही आज घरी जो बटाटा खाल त्याच्यावर करप्यासाठी बारा वेळा औषध फवारलंय, त्याच्याबद्दल हा प्रश्न कुणी विचारलाय का? मग दोन्ही बाजू एकदम ओरडल्या. किराणावालीने फलक उलटा करून मांडीवर ठेवला आणि पुटपुटली, पोरगी खरी आहे हो. माझ्या तोंडून निघून गेलं, माझी आहे. तिला वाटलं, उन्हाने डोकं फिरलं असेल.

तिसरीत बाईंनी काहीतरी विचारलं आणि ‘माहीत नाही’ म्हणालीस म्हणून तुला वर्गाबाहेर उभं केलं होतं. घरी मीच तुला शिकवलं होतं, काहीतरी ठोकून द्यायचं गं, कोण बघायला येतंय. माझं सगळं सदर त्याच विद्येवर चालतं. तू ती विद्या शिकली नाहीस. आईचं ऐकलं नाहीस याचा एवढा अभिमान वाटेल, असं मला वाटलं नव्हतं.

काल कळलं की साहेबांनी तुझ्याकडे खुलासा मागितलाय, बोलण्याचा विपर्यास झाला असा, आणि तू सही करायला नकार दिलास. चाचणीवरून काढतील, अशीही कुजबुज आहे. आणि तेवढ्यात माझ्या संपादकाचा फोन. मथळा तयार आहे, म्हणाला: भुताटा करणारीच तो आईला वाढत नाही. तुमचा शब्द, तुम्हीच लिहा, गंमत येईल. त्या आईचा फोन नंबर आपण फिरवलाय, हे त्याला ठाऊक नव्हतं.

लिहिलंय मी. सोबत जोडलंय, शनिवारी छापायला जाईल. या वेळी आधी तुला दाखवते आहे, तेव्हा दाखवलं नव्हतं. त्यात ती आई कोण, हे सांगितलंय. तुझं ‘माहीत नाही’ जसंच्या तसं दिलंय, आणि ते म्हणणारी बाईच चाचणीवर हवी, असंही म्हटलंय. ‘भुताटा’ हा शब्द मी मागे घेतलाय. तुझ्या बटाट्याची वकील झाले असं समजू नकोस, निकाल वाईट आला तर माझ्याइतकी वाईट बाई तुला भेटायची नाही. पण निकालाआधी शिक्षा द्यायची, ही चूक मी करून बसले होते, बटाट्याला आणि तुलाही. एखादा शब्द बोचला तर खोड. नकोच असेल तर शनिवारच्या आत सांग, नाहीतर रविवारी पेपर आला की फोन कर.

आणि निकाल आला की ये. चांगला आला तर बटाटे घेऊन ये. वाईट आला तर नुसती ये.

तुझीच, नावं ठेवत ताट संपवणारी,
आई