विजयमालाची जागा

१८ नोव्हेंबर
आलो एकदाचे! पालमहून एसटीने, मांडीवर कुकर आणि खिडकीत सुकेशनी. ही आडबाजूची प्रशाला मी आपणहून मागून घेतली म्हणून बहिणीने मला वेड्यात काढलं होतं. पाच वाड्यांना मिळून ही एकच शाळा. दिवाळी झाली की निम्मी मुलं आईबापांबरोबर ऊसतोडीला जातात, त्यामुळे वर्ग भातुकलीएवढा. मुख्याध्यापक परमेश्वर सर भला माणूस. खोली शोधून दिली, वर घरचा डबाही. सुकेशनीचं नाव माझ्याच नववीत घातलं. बापाविना वाढलेली माझी लेक इथे रमली तर मला आणखी काही नको.

१९ नोव्हेंबर
इथली एक तऱ्हा. एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात, तशी ही मुलं वर्गात धरतात. ऊसतोडीला गेलेल्याच्या जागेवर सोबती आपलं दप्तर ठेवतो, हजेरीला त्याच्या नावाने "हजर" म्हणतो. तो परतेपर्यंत तिथे कुणी बसायचं नाही.

मी हा खोटेपणा बंद केला. दप्तरं उचलायला लावली. सुकेशनीला लांबचं दिसत नाही, म्हणून तिला फळ्याजवळ विजयमाला नावाच्या मुलीच्या जागी बसवलं. तिच्यासाठी दप्तर ठेवणारी राजेश्री तेवढी म्हणाली, "म्याडम, तिची जागा हाय ती. ती आली म्हंजी कुठं बसंल?" आली की बघू, म्हटलं.

२५ नोव्हेंबर
विजयमाला गेली. तिकडे फडावर उसाची ट्रॉली उलटली. सरांना दिवस विचारला. मी तिची जागा मोडली, तोच. शाळा लवकर सोडली. सुकेशनी बाकावरून उठेना, ओढून न्यावं लागलं.

२८ नोव्हेंबर
सुकेशनीच्या बोटांवर बारीक चिरा. उसाच्या पानांनी कापतं तसं दिसतंय, असं सर म्हणाले. तिने आजवर ऊस फक्त रसवंतीत पाहिलाय. संध्याकाळी मला म्हणाली, "लय थंडी वाजायलीय." हे बोलणं तिचं नाही. डॉक्टरांना ताप सापडला नाही. मला भीती वाटते आहे.

२ डिसेंबर
सुकेशनीचं नाव पुकारलं, ती गप्प. विजयमालाचं नाव मी घेतलंच नव्हतं. तरी ती उभी राहिली, आणि हजर म्हणाली —

३ डिसेंबर
बाक जाळायला काढला. सुकेशनी छाती धरून कोसळली. परत आणून ठेवला. त्या बाकापुढे हात जोडले. भुताखेतांवर आयुष्यभर हसणारी मी. काही उपयोग —

४ डिसेंबर
विजयमालाची आई झुंबरबाई आली. सुकेशनी धावत जाऊन तिच्या गळ्यात पडली. माय, माय करत. मला ओळखलं नाही. झुंबरबाई मला म्हणाली, "माजी हाय का तुमची, तुमीच सांगा बाई. माजी असंल तर नेते." सकाळी येते म्हणाली. राजेश्रीला विचारलं, सोडवायचं कसं? त्या जागेवर दुसरं कुणी बसलं तरच आधीचं सुटतं, म्हणाली. कुणाच्या पोरीला बसवू मी —

५ डिसेंबर
मीच बसले. वर्गात कुणी नाही. लेक परत दे, एवढंच म्हटलं.

सुकेशनी दारातून आली. मला आई म्हणाली. तिच्या आवाजात, तिचाच आवाज. किती रडले. आता उठते तर — उठता येत नाही. ती हात ओढते आहे. बोटं कापलीत, पेन धरवत —

थंडी लय हाय. ही पोरगी कोन? मला आई म्हनून रडायलीय. सारकी वढायलीय. मला न्हाई कुनी लेक, मी नववीत — माजी माय झुंबर —